ओझे पाठीवर, भार कमरेवर
दीर्घ पदयात्रेला निघणाऱ्या ज्येष्ठांनी सॅक कशी निवडावी?

ज्येष्ठ महिना जवळ आला, की सातारा-सांगलीकडील अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. घरातील वडीलधारे कोणीतरी म्हणते, “यंदा मी चालत जाणार.” कार्तिकी एकादशी उलटली, की हाच विषय नर्मदा परिक्रमेच्या निमित्ताने पुन्हा निघतो. मुलांना काळजी वाटते, सुनांना औषधांच्या वेळा आठवतात आणि नातवंडे मोबाइलवर मोठमोठ्या सॅकची चित्रे पाहू लागतात. जावे की जाऊ नये, यावर घरात बरीच चर्चा होते. पाठीवर काय घेऊन जावे, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. ही खरेदी आदल्या आठवड्यात घाईने उरकली जाते.

वास्तविक, साठी-सत्तरीतील पदयात्रीचा प्रवास सुखाचा होणार की अर्ध्यावरून परतावे लागणार, हे पायांइतकेच पाठीवरच्या ओझ्यावर अवलंबून असते. तरुणपणी चुकीची सॅक घेतली, तर खांदे दुखतात आणि दोन दिवसांत बरे होतात. उतारवयात त्याच चुकीमुळे तोल जाऊ शकतो, आणि हाडे ठिसूळ झाली असतील तर एका पडण्याने पुढची सारी वर्षे बदलून जातात. म्हणून आपण स्वतः निघणार असाल, किंवा आपल्या घरातील कोणी निघणार असेल, तर हा विषय थोडा सविस्तर समजून घेणे इष्ट ठरेल.

ओझे वाहणार कोण?

सॅक किती मोठी हवी, हे विचारण्यापूर्वी सामान प्रत्यक्षात कोणाच्या पाठीवर राहणार आहे, हे ठरवावे.

माझी आत्या सांगलीची. तिने आळंदी ते पंढरपूर ही वारी अनेकदा केली आहे. सुमारे अडीचशे किलोमीटरांची ही वाट वारकरी अठरा-वीस दिवसांत चालतात. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा यांनी एकोणिसाव्या शतकात या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. त्या शिस्तीत दिंडी हे एक फिरते कुटुंबच असते. भिशी भरली, की जेवणाची, मुक्कामाची आणि सामानाची व्यवस्था दिंडी करते. आत्याची वळकटी आणि कपड्यांची पिशवी पहाटे ट्रकमध्ये चढते आणि संध्याकाळी राहुटीत तिला परत मिळते. नीरा ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे जाते, तेव्हा आत्याच्या खांद्यावर फक्त पाण्याची बाटली, औषधे, प्लॅस्टिकचा कागद आणि थोडा खाऊ एवढेच असते. तिला मोठ्या सॅकची गरजच नाही. वारीसाठी १५ ते २० लिटरची, दोन्ही खांद्यांवर नीट बसणारी हलकी सॅक पुरेशी होते. मात्र एकाच खांद्याला अडकवलेली शबनम दिवसभर बाळगू नये. तिने मान आणि कंबर एका बाजूला ओढली जाते.

नर्मदा परिक्रमेची गोष्ट निराळी. सुमारे २६०० किलोमीटरांची ही प्रदक्षिणा पायी करणारे महिनोन्‌महिने चालत असतात आणि तेथे आपले ओझे आपणच वाहायचे असते. हिमालयातील अनेक दिवसांची पायवाट किंवा सह्याद्रीतील मुक्कामी भटकंती यांनाही कमी-अधिक हेच लागू पडते. पुढील सारे विवेचन अशा दीर्घ प्रवासासाठी आहे.

बाबांची पंचाहत्तर लिटरची सॅक

माझे वडील साताऱ्यात शिक्षक होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी परिक्रमेचा संकल्प सोडला. आम्ही भावंडांनी मोठ्या उत्साहाने त्यांच्यासाठी ७५ लिटरची सॅक आणली. ‘मोठी असलेली बरी, काही राहून जायला नको,’ हा आमचा विचार. मोठी पिशवी रिकामी राहत नाही, हे आमच्या लक्षात आले नाही. सगळे भरून झाल्यावर बाबांनी ती वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिली. वजन भरले साडेचौदा किलो. बाबांचे स्वतःचे वजन होते ६२ किलो.

सरावासाठी ते ती सॅक घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेले. चढताना धाप लागली, ती त्यांनी सहन केली. उतरताना मात्र एका वळणावर सॅक एका बाजूला कलली आणि तिच्याबरोबर तेही कलले. कठड्याला हात लागला म्हणून निभावले. घरी आल्यावर त्यांनी सॅक कोपऱ्यात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “राहू दे. हे आता आपल्याच्याने व्हायचे नाही.”

शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहत. सातारा जिल्ह्यात असे घर शोधावे लागत नाही. अपशिंग्यासारख्या गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडले गेले आहे. सुभेदारांनी आयुष्यभर पिठ्ठू वाहिला होता. त्यांनी बाबांना सॅक पाठीवर घ्यायला लावली, एकदा चारी बाजूंनी पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, तुमच्यात काही कमी नाही. पट्टे चुकीचे आहेत, माप चुकीचे आहे आणि आत सामान कुणाचे आहे ते बघा.”

आम्ही सारे सामान सतरंजीवर ओतले. आईने दिलेली दोन जाड पांघरुणे, भावाने दिलेला स्टोव्ह, बहिणीने दिलेले तीन किलो लाडू आणि चिवडा, मी दिलेले पाच जोड कपडे, दोन बॅटऱ्या आणि मोबाइल चार्ज करायची जड पॉवर बँक. बाबांनी स्वतः ठेवलेल्या वस्तू एका टॉवेलवर मावल्या. उरलेले ओझे आमच्या काळजीचे होते, आणि ते आम्ही त्यांच्या पाठीवर लादले होते.

ज्येष्ठांची काळजी वाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनाशी धरावी. निघणाऱ्या माणसाला आपण प्रेमाने दिलेली प्रत्येक वस्तू त्यालाच, रोज, हजारो पावले वाहून न्यायची असते.

आधी सामान, मग सॅक

सॅकचा आकार लिटरमध्ये मोजतात. २० ते ३० लिटरची सॅक एका दिवसाच्या भटकंतीला पुरते. ४० ते ५० लिटरच्या सॅकमध्ये निवाऱ्याची सोय असलेल्या दीर्घ प्रवासाचे सामान मावते. ६० ते ७५ लिटरची सॅक तंबू, स्टोव्ह आणि अनेक दिवसांचा शिधा स्वतः वाहणाऱ्यांसाठी असते. परिक्रमेच्या वाटेवर आश्रम, धर्मशाळा आणि अन्नक्षेत्रे आहेत. गावोगावी सदावर्तही मिळते. तेथे तंबूची आवश्यकता सहसा भासत नाही. म्हणून परिक्रमेला ४० ते ४५ लिटरची सॅक ज्येष्ठांना पुरेशी ठरते.

सॅक खरेदी करण्यापूर्वी सगळे सामान घरात एका ठिकाणी मांडावे आणि प्रत्येक वस्तूचे वजन लिहून काढावे. बाबांची अंतिम यादी अशी झाली: सॅकचे स्वतःचे वजन १.४ किलो, झोपण्याची हलकी पिशवी १.१ किलो, अंगावरचा जोड सोडून दोन जोड कपडे दीड किलो, स्वेटर, कानटोपी आणि शाल मिळून ८०० ग्रॅम, औषधे अर्धा किलो, ताट-पेला आणि छोटे पातेले ३०० ग्रॅम, अंघोळीचे सामान ४०० ग्रॅम, पूजेचे साहित्य आणि नर्मदाजलाची कुपी ४०० ग्रॅम, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एकूण ७.४ किलो. पूर्वीच्या जवळजवळ निम्मे.

पाण्याचे आणि सॅकचे स्वतःचे वजन मोजायला बहुतेक जण विसरतात. काही मोठ्या सॅक रिकाम्याच दोन-अडीच किलोंच्या असतात. ज्येष्ठांसाठी दीड किलोच्या आसपासची सॅक पाहावी.

एकूण ओझे किती असावे? धडधाकट तरुण गिर्यारोहकांसाठी शरीराच्या वजनाच्या एक-पंचमांशापर्यंत, असा ढोबळ संकेत आहे. साठीनंतर तो तसाच लागू करणे योग्य नाही. शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या जवळपास राहण्याचा प्रयत्न करावा आणि बारा-तेरा टक्क्यांना थांबावे. ५० किलो वजनाच्या आजींसाठी याचा अर्थ पाच ते साडेसहा किलो. यापेक्षा अधिक न्यावेच लागणार असेल, तर ते सोबतच्या तरुणाच्या पाठीवर जावे किंवा पुढच्या मुक्कामी पाठवण्याची सोय करावी.

माप उंचीचे नव्हे, पाठीचे

आपण चपलेचे माप पायावरून घेतो, तसे सॅकचे माप पाठीच्या लांबीवरून घ्यायचे असते. दोन माणसांची उंची सारखी असली, तरी एकाचे पाय लांब असतात आणि दुसऱ्याची पाठ लांब असते.

हे माप घरीच घेता येते. मान पुढे झुकवावी. मानेच्या तळाशी मणक्याचा जो उंचवटा हाताला ठळकपणे लागतो, ती वरची खूण. मग दोन्ही हात कमरेवर ठेवावेत. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाडाची जी कड लागते, तिच्यावर हात टेकवून अंगठे पाठीमागे वळवावेत. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा ही खालची खूण. माणसाने सरळ उभे राहावे आणि या दोन खुणांमधील अंतर दुसऱ्या कोणीतरी शिंप्याच्या टेपने, पाठीच्या वळणाला धरून मोजावे.

वाढत्या वयात मणक्यांमधील चकत्या झिजतात, पाठीला किंचित पोक येते आणि हे अंतर कमी होते. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या मापावर किंवा केवळ उंचीवर विसंबू नये. ज्या सॅकच्या पाठीची लांबी कमी-जास्त करता येते, ती ज्येष्ठांना अधिक सोयीची. स्त्रियांसाठी आखूड पाठीच्या आणि खांद्याचे पट्टे निराळ्या वळणाचे असलेल्या सॅक मिळतात. पुरुषांसाठी असलेली सॅक ‘चालवून घेणे’ हे आजींनी टाळावे.

आधी कंबर, मग खांदा

सुभेदारांनी बाबांना जे शिकवले, ते या लेखाचे सार आहे. ओझे दिसते पाठीवर, पण त्याचा भार कमरेने घ्यायचा असतो. साधारण ७० ते ८० टक्के भार कमरेच्या हाडावर यावा, असे मानले जाते. खांद्यांचे काम सॅक पाठीला धरून ठेवण्यापुरते. कमरेचे हाड आणि मांड्यांचे मोठे स्नायू भार पेलण्यासाठीच घडलेले आहेत. खांद्यांवर सतत दाब राहिला, तर हातांकडे जाणाऱ्या नसा दबतात. मुंग्या येतात आणि क्वचित हाताची ताकदही काही काळ कमी होते. शिवाय खांद्यांवरचे ओझे माणसाला पुढे वाकायला लावते, आणि हाडे विरळ झालेल्या व्यक्तीच्या मणक्यांवर पुढे वाकलेल्या अवस्थेत फार ताण येतो.

म्हणून रुंद, गादीदार कमरपट्टा नसलेली मोठी सॅक घेऊच नये. शाळेच्या दप्तरासारखी सॅक कितीही आकर्षक असली, तरी ती या कामाची नव्हे.

सॅक चढवल्यावर पट्टे आवळण्याचा एक क्रम आहे. आधी सगळे पट्टे सैल करावेत. कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या कडेवर मधोमध बसवून आवळावा. तो पोटावर येता कामा नये. पोटावर आला, तर श्वास कोंडतो आणि लघवीची भावना वारंवार होते. मग खांद्याचे पट्टे, ते अंगाला टेकतील एवढेच ओढावेत. त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे छोटे पट्टे किंचित ओढावेत, म्हणजे सॅक मागे लोंबत नाही. शेवटी छातीवरचा पट्टा सैलसर लावावा. आता खांदा आणि पट्टा यांच्यामध्ये एक बोट सहज सरकले, तर भार कमरेवर आला असे समजावे. चालताना दर तासाला एकदा थांबून हे पुन्हा तपासावे.

दुकानात काय पाहावे?

सॅक ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानात जाऊन घ्यावी, आणि ज्यांना ती वाहायची आहे त्यांनीच जावे. मुलाने वडिलांसाठी ‘सरप्राइज’ म्हणून सॅक आणणे म्हणजे त्यांच्यासाठी न विचारता चष्मा आणणे होय.

• रिकामी सॅक प्रत्येकाला छानच बसते. घरून पाच-सहा किलो तांदूळ-डाळ पिशव्यांत बांधून न्यावी, सॅकमध्ये भरून दुकानात वीस मिनिटे फिरावे आणि जिना असेल तर चढून-उतरून पाहावे.

• कमरपट्ट्याचे आणि छातीपट्ट्याचे बक्कल स्वतःच्या बोटांनी दहा वेळा लावून-काढून पाहावे. संधिवाताने बोटे आखडली असतील, तर छोटी बक्कले पहाटेच्या थंडीत उघडत नाहीत. चेनला दोरी बांधलेली असावी, म्हणजे ती चिमटीत धरावी लागत नाही.

• फक्त वरून उघडणाऱ्या सॅकमध्ये तळाची वस्तू काढण्यासाठी सगळे उपसावे लागते. ज्येष्ठांसाठी समोरून किंवा बाजूने पूर्ण उघडणारी सॅक बरी. वाकणे आणि शोधणे दोन्ही वाचते.

• पाण्याची बाटली सॅक न उतरवता हाताला यावी. तशी येत नसेल, तर माणूस पाणी पिणे टाळतो, आणि उतारवयात तहान तशीही उशिरा जाणवते.

• आतील कापड फिकट रंगाचे असावे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना काळ्या कप्प्यातील काळी पिशवी दिसत नाही. बाहेरून सॅक भडक रंगाची असावी, म्हणजे धुक्यात आणि रस्त्याकडेने चालताना वाहनचालकांना ती दिसते.

• पावसासाठी वरचे आवरण असावेच. त्याशिवाय आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सगळे सामान तिच्यात भरावे. भिजलेले सामान दुप्पट जड वाटते.

भरण्याची आणि उचलण्याची रीत

झोपण्याच्या पिशवीसारख्या हलक्या, फुगीर वस्तू तळाशी ठेवाव्यात. जड वस्तू सॅकच्या मध्यावर, पाठीला अगदी लागून ठेवाव्यात. बाबांच्या सॅकमध्ये पॉवर बँक आणि पातेले बाहेरच्या एकाच कप्प्यात होते. त्या दिवशी गडावरून उतरताना सॅक कलंडली, ती त्यामुळे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे. बाहेर लोंबकळणाऱ्या वस्तू, अडकवलेल्या चपला आणि डबे टाळावेत.

पाठ धरण्याचे प्रसंग चालताना कमी आणि सॅक जमिनीवरून उचलताना अधिक येतात. एका हाताने झटक्यात उचलून, अंग पिळून ती पाठीवर टाकू नये. आपल्या गावोगावी वडा-पिंपळाचे पार आहेत, देवळांचे ओटे आहेत. सॅक त्यावर ठेवावी, पाठ तिच्याकडे करून उभे राहावे, पट्टे चढवावेत, कमरपट्टा आवळावा आणि मग पाऊल उचलावे. उतरवतानाही तसेच. ओटा नसेल, तर सोबत्याने सॅक धरावी. यात कमीपणा मानू नये.

हातात काठी असावी, शक्य असल्यास दोन. पाठीवर ओझे असताना काठी तोल सांभाळते आणि उतारावर गुडघ्यांचा भार हलका करते. ओढा किंवा वाहते पाणी ओलांडताना कमरेचे आणि छातीचे बक्कल उघडून ठेवावे. पाय घसरला, तर सॅक झटकन अंगावेगळी करता आली पाहिजे. सामान वाहून गेले, तरी चालेल.

औषधांचा कप्पा

सॅक हरवू शकते, भिजू शकते, मुक्कामी विसरू शकते. म्हणून औषधांचे दोन भाग करावेत. पाच-सहा दिवसांची औषधे अंगावरच्या छोट्या पिशवीत आणि उरलेली सॅकमध्ये. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांच्या गोळ्यांची नावे, मात्रा आणि वेळ एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून दोन्हीकडे ठेवाव्यात. त्याच कागदावर रक्तगट, ॲलर्जी आणि घरचे दोन दूरध्वनी क्रमांक असावेत.

मधुमेह असणाऱ्यांनी कमरपट्ट्याच्या छोट्या खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात. घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटले, की सॅक उतरवून न बसताही हात तेथे पोहोचला पाहिजे. इन्सुलिन सॅकच्या बाहेरच्या, उन्हात तापणाऱ्या कप्प्यात कधीही ठेवू नये. पाण्यात भिजवून गार राहणाऱ्या खास पिशव्या मिळतात. रोज अधिक चालणे झाले, की साखर खाली येऊ शकते, म्हणून मात्रेविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही हे करावे.

आधी डॉक्टर, मग दुकान

काही जणांनी पाठीवर ओझे घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यकच आहे. मणक्याचे हाड पूर्वी दबलेले किंवा हाडांची घनता फार कमी झालेली. पेसमेकर बसवलेला, कारण खांद्याचा पट्टा नेमका त्या जागेवर घासू शकतो. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढलेल्या. हर्निया किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेली. अलीकडे डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. चालताना छातीत दुखणारे किंवा वारंवार चक्कर येणारे. यांपैकी काहींना मोजके ओझे चालेल, काहींनी सॅक सोबत्याकडे द्यावी. त्यामुळे यात्रा चुकेलच असे नाही.

वाटेत हातांना सतत मुंग्या येणे, पायातील शक्ती कमी वाटणे, पाठीत एकाएकी तीव्र कळ येणे, छातीत दडपण किंवा थांबूनही न शमणारी धाप यांपैकी काहीही जाणवले, तर सॅक तत्काळ उतरवावी आणि वैद्यकीय मदत घ्यावी. ‘पुढच्या मुक्कामापर्यंत पोहोचू’ असे म्हणू नये.

दोन-अडीच महिन्यांचा सराव

नवी सॅक आणि नवे बूट यांना घेऊन थेट यात्रेला निघू नये. निघण्यापूर्वी आठ-दहा आठवडे सराव करावा. सुरुवातीला रिकाम्या सॅकने, मग दोन किलो, आणि अंगवळणी पडेल तसे आठवड्याला फार तर एक किलो वाढवावे. ओझ्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस पुरे. मधले दिवस साधे चालावे.

सातारकरांना अजिंक्यताऱ्याचा रस्ता आणि यवतेश्वराचा घाट हाताशी आहे. सांगलीकरांनी कृष्णाकाठच्या सपाटीवर सुरुवात करावी आणि पुढे मिरज तालुक्यातील दंडोबाच्या डोंगरावर जावे. चढाच्या सरावाची एक सोपी युक्ती आहे. ओझे म्हणून सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भराव्यात आणि वर पोहोचल्यावर ते पाणी एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ओतावे. उतरताना गुडघ्यांवर ओझे राहत नाही आणि डोंगरावरच्या रोपाला पाणी मिळते. बाबांनी त्या वर्षी गडावरचे एक रोप असेच वाढवले.

निघताना

आम्ही ७५ लिटरची सॅक भाच्याला देऊन टाकली आणि बाबांना बरोबर घेऊन ४५ लिटरची, त्यांच्या पाठीच्या मापाची सॅक घेतली. सुभेदारांनी पट्टे बसवून दिले आणि योग्य जागेवर पेनने खुणा करून ठेवल्या, म्हणजे पट्टा सरकला तर पुन्हा तेथेच आणता यावा. कार्तिकी एकादशीनंतर बाबा निघाले.

निघण्याच्या आदल्या रात्री आईने हळूच सॅकच्या वरच्या कप्प्यात लाडवांचा डबा ठेवला. सकाळी बाबांनी सॅक उचलली, क्षणभर थांबले, डबा काढला, त्यातले दोन लाडू खिशात टाकले आणि डबा आईच्या हातात परत दिला. आई काही बोलली नाही. डबा तिने देवापुढे ठेवला, आणि कमरपट्टा नीट बसला आहे ना, हे हात लावून पाहिले.

वाचकहो, आपल्या घरातील कोणी पदयात्रेला निघणार असेल, तर त्यांना अडवण्यापूर्वी किंवा त्यांच्यासाठी काही विकत आणण्यापूर्वी त्यांच्या पाठीचे माप घ्या, सामान काट्यावर ठेवा आणि आपण दिलेल्या वस्तूंपैकी निम्म्या परत घ्या. त्यांची पावले हलकी पडू द्या.